दोन मुठी सडाआवळी

समरजितनं ओंकारचं डोकं कुस्तीच्या हौद्याच्या दगडी कठड्यावर पहिल्यांदा आपटलं, तेव्हा पोरं अजून हसत होती. सरावाच्या कुस्तीत ओंकारनं त्याला ढाक डाव मारून चितपट केलं होतं आणि हत्तीमाळ तालमीच्या पहिल्या नंबरच्या पैलवानाची पाठ मातीला लागलेली बघणं ही तशी गंमतच होती. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा हसणं थांबलं. तिसऱ्यांदा काहीतरी कडकन मोडलं आणि ओंकारच्या नाकातोंडातून रक्ताची धार लागली. हौद्याची माती मुळातच लाल, त्यामुळे रक्त किती गेलं ते कुणाला धड कळलंही नाही.

ईश्वरा वस्ताद अडुसष्ट वर्षांचे. हातातला वेत मोडेपर्यंत त्यांनी समरजितच्या पाठीवर मारला. वेत मोडला, समरजित हलला नाही. शेवटी चौघांनी कमरेला मिठ्या मारून त्याला मागं ओढला आणि त्या झटापटीत त्याच्या कोपरानं एकाचे दोन दात पडले. मग राग जसा चढला होता तसा उतरला. समरजित मातीत मटकन बसला, हाताचं रक्त लंगोटाला पुसत राहिला आणि लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "मामा, ही पोरं हसली कशापायी?"

समरजित वस्तादांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आईबाप लवकर गेले आणि नऊ वर्षांचा पोर पत्र्याच्या पेटीसकट मामाच्या तालमीत येऊन राहिला. आता तो सत्तावीस वर्षांचा होता, वजन एकशे अठरा किलो, लग्न झालेलं. कुस्त्यांच्या येत्या मैदानात मानाची गदा त्याचीच, असं सगळा जिल्हा धरून चालला होता. मैदानाला बारा दिवस राहिले होते.

ओंकारला गाडीत घालताना वस्तादांनी सोबतच्या पोरांना बजावलं, "सरावात पडला म्हनून सांगायचं." मग त्यांनी समरजितला दंडाला धरून खिडकीच्या उजेडात नेलं आणि अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. बुबुळाभोवतीचा भाग स्वच्छ पांढरा होता. कावीळ नव्हती. वस्तादांचा जीव भांड्यात पडला. एका पोराच्या तोंडाचा चेंदामेंदा झालेला असताना म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्याला कारण अभिजित. वस्तादांचा थोरला मुलगा. सात वर्षांपूर्वी, म्हणजे २०३२ साली, तो गेला. ताकदीच्या गोळ्या आणि तेलातल्या स्टेरॉइडच्या सुया तो बापाच्या चोरून घेत होता. अंगावर मांस चढत होतं, दम लागत नव्हता, आणि ते सगळं विष निस्तरायचं काम बिचारं एकटं यकृत करत होतं. एका सकाळी पोराचे डोळे पिवळे झाले. एकोणीस दिवसांत पोट घागरीएवढं फुगलं. शेवटच्या दोन दिवसांत त्याला बाप ओळखू येईना, आपल्याच मनगटाला चावे घ्यायचा. तीस वर्षांच्या पोराला वस्तादांनी चादरीत गुंडाळून घरी आणलं. तेराव्याला त्यांनी साऱ्या तालमीसमोर सांगितलं की या तालमीतला एकही पोरगा पुन्हा काविळीनं मरणार नाही. सुया बंद करीन, असं मात्र ते म्हणाले नाहीत. तो प्रयत्न त्यांनी पुढं वर्षभर केला आणि हात टेकले. ज्याची सुई बंद करावी, तो दुसऱ्या तालमीत जाऊन घ्यायचा.

धाकटी ऋतुजा पुण्यात जीवरसायनशास्त्राची संशोधक होती. भाऊ गेल्यावर तिनं बाकीचं काम बाजूला सारलं आणि यकृताचाच ध्यास घेतला. राधानगरीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, भुईआवळीच्या जातीचं एक बुटकं झुडूप उगवायचं. शेळ्या विषारी पाला खाऊन आल्या की तिथले धनगर त्यांना हेच झुडूप चारत. सडाआवळी, असं त्याचं नाव. ऋतुजानं त्यातून एक कडूजहर पांढरा पदार्थ वेगळा काढला. तो पोटात असला की उंदरांना मरण येईल त्याच्या चौपट विष द्या, यकृताला ओरखडासुद्धा उठत नव्हता. तीन वर्षांत औषध बाजारात आलं. क्षयाच्या कडक गोळ्यांनी यकृत जायची वेळ आलेले रोगी, विषारी अळंबी खाल्लेली माणसं, अशांना ते थेंबांनी मोजून, फार तर तीन आठवडे द्यायचं होतं. हजारो जीव वाचले.

मान्यतेचा कागद हातात पडला त्या दिवशी ऋतुजा दोन रोपं पिशवीत घेऊन गावी आली. "आबा, हे दादासाठी होतं," म्हणाली. "उशीर झाला."

त्या दोन रोपांचं वस्तादांनी तालमीमागं सात गुंठे रान केलं. ऋतुजा वर्षातून तीनदा यायची, ते हिरवंगार रान बघायची, आणि बापाचं दुःख आहे, करू दे, असं म्हणून काही विचारायची नाही. तिनं विचारायला हवं होतं. हे ती स्वतःच पुढं आयुष्यभर म्हणत राहिली.

कारण तालमीत थेंब हे माप नसतं. तिथं मूठ असते आणि लोटा असतो. बदाम मुठीनं, खसखस मुठीनं, दूध लोट्यानं. जे चांगलं ते भरपूर द्यायचं आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला दुप्पट, असा खुराकाचा सरळ कायदा. अंगणातल्या दगडी कुंडीत कडुलिंबाच्या दांडक्यानं रोज थंडाई घोटली जायची, तिच्यात वस्ताद आपल्या हातानं सडाआवळीचा ओला पाला घालायचे. माणशी एक मूठ. समरजितला दोन. कडूपणा बदाम आणि वेलदोड्यांत झाकून जायचा. चार वर्षांत चोवीस पोरांपैकी एकालाही कावीळ झाली नाही. आणि कावीळ होत नाही म्हटल्यावर पोरं एका सुईच्या जागी तीन घेऊ लागली. वस्तादांना ते माहीत होतं. सुई घ्यायची तर घ्या, पण थंडाई चुकवायची नाही, एवढंच ते म्हणायचे.

ओंकारला दवाखान्यात नेल्याच्या तिसऱ्या दिवशी समरजितची बायको पल्लवी तालमीच्या अंगणात येऊन उभी राहिली. आत हौद्यापर्यंत बायकांनी जायची रीत नाही. वस्ताद बाहेर आले, तशी तिनं गळ्याभोवतीची ओढणी काढली. गळ्यावर पाच बोटं उठली होती, काळीनिळी, एकूण एक मोजता येतील अशी.

"आमटीत मीठ कमी पडलं," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "भिताडाला लावून उचलली मला, मामा. डोळ्यापुढं अंधारी आली तवा सोडली. मग माझ्याच पायावर डोकं ठेवून रडला."

वस्तादांनी मान खाली घातली. "उष्णता वाढलीया त्याच्या अंगात. मैदान जवळ आलं की हुतंय असं. मी बघतो."

"तुम्ही चार वरसं बघालाय, मामा," पल्लवी म्हणाली आणि ओढणी गुंडाळून निघून गेली.

बोललेला शब्द वस्तादांनी पाळला. राग म्हणजे उष्णता, उष्णतेला उतारा थंडाई, हे त्यांच्या आज्ज्यापासून चालत आलेलं गणित. दुसऱ्या दिवसापासून समरजितच्या लोट्यात दोनाऐवजी तीन मुठी पडू लागल्या. चौथ्या दिवशी त्यानं रस्त्यात आडव्या आलेल्या कुत्र्याला मागचे पाय धरून उचलून विजेच्या खांबावर आपटलं. पाचव्या दिवशी एका रिक्षावाल्याच्या बरगड्या मोडल्या. वस्तादांनी पापणी ओढून बघितली. डोळे स्वच्छ होते.

सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले ते ओंकारचे.

दवाखान्यातले डॉक्टर चक्रावून गेले. चेहऱ्याची हाडं तारांनी जोडली होती, ताप नव्हता, एकही वावगं औषध दिलेलं नव्हतं, आणि पोराचं यकृत मात्र उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखं विरघळत होतं. वस्ताद पळत गेले. खाटेवर ओंकार पिवळाधमक पडला होता, आणि तारांनी बांधलेल्या जबड्यातून कण्हत स्वतःच्या मनगटाकडे तोंड नेत होता. वस्तादांना पुढचं बघवलं नाही. जिन्यात बसून त्यांनी ऋतुजाला फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आधी दवाखान्यात गेली, ओंकारचं रक्त आपल्या यंत्रावर तपासलं, आणि तिथून तडक तालमीत. अंगणात वस्ताद दुसऱ्या दिवशीच्या थंडाईसाठी पाला निवडत बसले होते. ती समोर उभी राहिली.

"ओंकारच्या रक्तात माझं औषध सापडलं, आबा. सात दिवस दवाखान्यात पडलाय, तरी अजून थोडं आहे. कुणी दिलं त्याला?"

"मीच दिलं. समद्यांस्नीच देतो."

"किती?"

वस्तादांनी पाल्यानं भरलेली मूठ पुढं करून उघडून दाखवली.

ऋतुजा तिथंच जमिनीवर बसली.  मग बोलायला लागली ती अगदी सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तशी.

यकृताच्या पेशीला बारीक बारीक दारं असतात. रक्तातलं विष त्या दारांतून आत जातं आणि आत त्याची विल्हेवाट लागते. विल्हेवाट लावताना पेशी स्वतः जखमी होते, कधी मरते. सडाआवळी विष मारत नाही. ती फक्त ही दारं लावून घेते. यकृत वाचतं, कारण यकृत त्या विषाला हातच लावत नाही. विष रक्तातच फिरत राहतं आणि जिथं वाट मिळेल तिथं शिरतं. हृदयात शिरतं, मेंदूत शिरतं.

"तालमीचं दार लावलं म्हणून गुंड मरत नाही, आबा. तो गावात फिरतो. क्षयाच्या रोग्याला तीन आठवडे दार लावलं तर चालतं, तेवढी उसंत त्याला पुरते. तुम्ही चार वर्षं लावलंत, मुठीमुठीनं. समरजित एक सुई घेतो, ती त्याच्या अंगात नऊ सुयांएवढी राहते. तुम्ही त्याला थंड करत नव्हता. तुम्हीच त्याला पेटवत होता."

 वस्तादांनी हातातला पाला खाली ठेवला.

"मग वंकारला कावीळ का झाली?" त्यांनी विचारलं. "त्याची दारं तर बंद हुती."

"दारं बंद बघून पेशी गप्प बसत नाही. ती नवी दारं पाडत सुटते. त्यांनाही तुम्ही कुलूप लावत गेलात. आता त्याच्या यकृताला दहापट दारं आहेत. दवाखान्यात थंडाई थांबली, सगळी कुलपं एकदम गळून पडली, आणि रक्तातलं, मांसात साठलेलं सगळं विष एका झटक्यात आत घुसलं." ती थांबली. "उरलेल्या तेवीस जणांची थंडाई उद्या बंद केली तर तेवीसही जण असेच जातील. आधी सुया बंद. मग सडाआवळी मोजून, रोज थोडी थोडी कमी करायची, दोन महिने. तोवर मैदान नाही, कुस्ती नाही, कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही."

"आन वंकार?"

"त्याला नवं यकृत लागेल. तीन दिवसांत, फार तर चार. त्याचा रक्तगट ओ. त्याच गटाचं लागतं. आईचा गट बी आहे, वडील नाहीत. यादीत त्याच्या पुढं अकरा जण आहेत."

"माझं घ्या."

"तुमचा गट ए आहे, आबा. आणि या वयात घेत नाहीत."

वस्तादांना मागल्या वर्षीचं रक्तदान शिबिर आठवलं. तालमीत ओ गटाचे दोघंच निघाले होते. "समरजितचा ओ हाय," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," ऋतुजा म्हणाली. "जिवंत माणसाचं अर्धं यकृत घेतात, ते पुन्हा वाढतं. पण त्याच्या रक्तात आज जे आहे, त्यावर भूल दिली तर हृदय टेबलावरच बंद पडेल. एकाला वाचवायला दुसऱ्याला मारायचं का? तो विषय सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वस्तादांनी पोरांना अंगणात बसवलं आणि जे ऐकलं होतं ते आपल्या शब्दांत सांगून टाकलं. काही लपवलं नाही. मीच घालत हुतो, मला कळलं न्हाय, असंही म्हणाले.  मग एकेक जण उठून आपापल्या ट्रंकेतून सुयांचे डबे आणून ऋतुजापुढं ठेवू लागला. तिनं मोजून थेंब द्यायला सुरुवात केली होती, तेवढ्यात समरजित मोटारसायकलवरून आला. आल्या आल्या त्याच्या कानावर पडलं की मैदान रद्द.

"कुणाचं मैदान न्हाय?"

"तुझं," वस्ताद म्हणाले. "कुणाचंच न्हाय. बस हितं, सांगतो."

"हिनं सांगितलं व्हय?"

वस्ताद उठायच्या आत त्यानं ऋतुजाचे केस मुठीत धरले आणि तिला दाराच्या चौकटीवर आदळलं. कपाळाची कातडी फाटली. सुदेश नावाचा पोरगा मधे पडला. समरजितनं त्याच्या गुडघ्यावर टाच ठेवली आणि भार दिला, तसा गुडघा उलट्या बाजूला वळला. दुसऱ्यानं मागून मिठी मारली. समरजितनं त्याचं बोट दातात धरून तोडलं आणि थुंकून टाकलं. मग दोन्ही हातांनी ऋतुजाचा गळा आवळून त्यानं तिला जमिनीवरून उचललं. तिच्या पायांतल्या चपला गळून पडल्या. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आवळत होता.

वस्तादांनी बारा वर्षांत कुणाशी अंगाला अंग भिडवलं नव्हतं. ते मागून गेले, समरजितच्या गुडघ्याच्या लवणीत लाथ घातली, तो किंचित वाकला तशी उजवं कोपर त्याच्या हनुवटीखाली घातलं आणि डाव्या हातानं त्या पकडीला कुलूप लावलं. दोघंही मागं कोसळले. एकशे अठरा किलोचं धूड वस्तादांच्या छातीवर पडलं, दोन बरगड्या तडकल्याचं त्यांना स्वतःला ऐकू आलं. समरजितनं मागं हात टाकून त्यांचा कान पकडला आणि ओढला, अर्धा कान फाटून त्याच्या हातात आला. कोपरांचे ठोसे बसत होते, टाचांनी जमीन उकरली जात होती. वस्तादांनी डोळे मिटून घेतले आणि सोडलं नाही. ऋतुजा कधीच सुटून बाजूला पडली होती, खोकत होती, श्वास घेत होती. समरजितचे हात हळूहळू खाली आले. टाचा थांबल्या. वस्तादांचा हात आणखी थोडा वेळ तिथंच राहिला.

पोरांनी त्यांना सोडवलं तेव्हा समरजितचं हृदय थांबलेलं होतं. सुयांनी ते आधीच दीडपट वाढलं होतं, एवढा भार त्याला सोसला नाही. ऋतुजानं रक्तानं माखलेल्या तोंडानिशी त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबली नाही. दवाखान्यात हृदय पुन्हा सुरू झालं. मेंदू झाला नाही.

दोन वेळा तपासून दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं, आणि त्याच खुर्चीत बसून त्यांनी पल्लवीला दुसरी गोष्ट विचारली. यकृत शाबूत होतं. नुसतं शाबूत नव्हे, असं यकृत आपण पैलवानाच्या अंगात कधी बघितलं नाही, असं ते म्हणाले. बाहेर काढून यंत्रावर धुतलं तर रक्तातलं विष त्याला बाधणार नव्हतं, आणि ओंकारच्या अंगातलं विष त्याच्या जुन्या यकृताबरोबरच निघून जाणार होतं. पल्लवीच्या गळ्यावरची बोटं आता पिवळी पडत चालली होती.

"कुणाला द्यायचं?" तिनं विचारलं.

"यादीतल्या अकरा जणांत ओ गटाचे तिघं. त्यांना अजून वेळ आहे. ओंकारला नाही, म्हणून आधी त्याला."

तिनं मान हलवली. तिनं सही करेपर्यंत ऋतुजानं कागद दाबून धरला. "चांगला हुता हो तो," सही झाल्यावर पल्लवी म्हणाली. "लग्नाच्या वेळंला लई चांगला हुता." आणि मग तिला रडू आवरेना.

शस्त्रक्रिया चौदा तास चालली. तिसऱ्या दिवशी ओंकारचे डोळे निवळले, पाचव्या दिवशी त्यानं आईला ओळखलं. तालमीतली बावीस पोरं रोज सकाळी दवाखान्यात येऊन मोजून थेंब घेऊन जात होती. एकालाही कावीळ झाली नाही. सुदेशचा गुडघा जन्माचा गेला, पण तोही कुबड्या घेऊन येत होता. वस्तादांनी अभिजितच्या तेराव्याला जो शब्द दिला होता, तो अक्षरशः पाळला गेला होता.

आठव्या दिवशी फौजदार शिकलगार वस्तादांचा जबाब पुरा करायला आले. वस्ताद दवाखान्यातच होते, बरगड्यांना पट्टा, कानाला पट्टी, दारात शिपाई. बाजूच्या खुर्चीत ऋतुजा. शिकलगार स्वतः लहानपणी याच तालमीत लंगोट लावलेले, त्यामुळे खुर्ची ओढून बसताना त्यांनी आधी वस्तादांच्या पायांना हात लावला.

"बावीस साक्षीदार आहेत, वस्ताद. सगळे एकच सांगतात. तो ताईंचा जीव घेत होता, तुम्ही सोडवलं. स्वसंरक्षण, दुसरं काही नाही. मी तसंच लिहिलंय. थंडाईचं वेगळं प्रकरण होईल, त्यात निष्काळजीपणा निघेल, ते बघू नंतर. इथं फक्त सही करा."

वस्तादांनी कागद हातात घेतला. चष्मा लावून सगळा वाचला. सही केली नाही.

"ह्यात एक गोष्ट ऱ्हायलीया," ते म्हणाले. "पोरगी सुटली, त्याचं हात खाली आलं, अंग सैल पडलं, ते मला कळलं हुतं. पन्नास वरसं मी माणसं धरालोय, साहेब. कवा सोडायचं हे मला कुणी शिकवायला नगं. तवा सोडला असता तर धा मिनिटांत उठून बसला असता."

शिकलगारांनी पेन खाली ठेवलं. "वस्ताद, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? तुमच्या बरगड्या मोडल्या होत्या. या वयात भान सुटलं असेल. सोडायचं सुचलं नाही, एवढंच."

"सुचलं हुतं."

"मग सोडला का नाही?"

वस्तादांनी ऋतुजाकडे बघितलं. तिच्या कपाळावरचे टाके अजून निघाले नव्हते. ती बापाकडेच बघत होती आणि पुढं काय येणार हे तिला कळून चुकलं होतं.

"वंकार आठवला," वस्ताद म्हणाले. "त्याच वक्ताला आठवला. ओ गट आठवला. मग म्या हात काढला न्हाय."

 दारातल्या शिपायानं मान वळवून आत बघितलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

"ताई," शिकलगार शेवटी म्हणाले, "हे मी ऐकलं नाही असं धरू का?"

ऋतुजानं डोळे पुसले. "नको," ती म्हणाली. "ते म्हणतात तसं लिहा."